पुठ्ठ्याचा फोन

टोकावड्यात माझं चहाचं हॉटेल होतं. तेव्हा खेड्यातल्या बायकांसाठी मोबाईल बनवणारी एक मुलगी मुंबईहून एसटीनं यायची. नाव मी कधी विचारलं नाही. खरा फोन घडवण्याआधी ती पुठ्ठ्याचे फोन बायकांच्या हातात द्यायची आणि नुसती बघत बसायची. समोरचा चहा गार व्हायचा.

नाव उच्चारलं की फोन लागणार, अशी तिची योजना. भातलावणीहून आलेल्या एका बाईला ती म्हणाली, "नवऱ्याला लावा."

बाई माझ्याकडे वळली. "भाऊ, सांग रे हिला. नवऱ्याचं नाव नाय घेत आमी."

मुलीसोबत आलेला तिच्या कंपनीचा साहेब हसला. "शिकवू त्यांना हळूहळू."

"त्या नाही शिकणार," मुलगी म्हणाली. "फोन शिकेल."

आणि महिन्याभर खपून केलेले ते पुठ्ठ्याचे फोन तिनं माझ्या बाकड्यावरच फाडले. साहेब तणतणत निघून गेला. ती मात्र पुन्हा आली, पुठ्ठ्यावर नावांऐवजी चित्रं काढून.

त्याच बाईनं चित्रं न्याहाळली. नवरा वाशिंदच्या कारखान्यात. तिनं जेवणाच्या डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं, पुठ्ठा कानाला लावला आणि हळूच विचारलं, "जेवलात का?"