नखुल्यांची खीर

आज मुलाच्या मस्कतच्या घरात दुधात रवा शिजल्याचा वास आला आणि मला इटलीतलं बारी आठवलं. मुलगा तिथल्या बंदरावर कामाला गेला होता, आम्हा दोघांना बरोबर घेऊन. लोक रोम बघतात, बारीला कोण जातं? समुद्र, मासळीचा वास, अरुंद गल्ल्या, डोक्यावर वाळत घातलेले कपडे. हे तर रत्नागिरीतही आहे, मी म्हटलं. एका दारात काळ्या कपड्यांतली म्हातारी रव्याच्या कणकेचे तुकडे अंगठ्यानं दाबून जाळीवर वाळत टाकत होती. बायको थांबलीच. "अहो, नखुले करतेय ही! लग्न दिसतंय घरात." "लग्न कसलं? विकते ती. चल." पण ही खुर्ची ओढून बसली आणि नखानं भराभर नखुले पाडायला लागली. म्हातारीनं एक उचलून बघितला, हसली, स्वतःही तसा पाडून बघितला. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती, तरी दोघींची तोंडं चालूच. "ऊठ आता, लोक बघतायत." "बघू देत. नातीच्या लग्नात खिरीला होतील." निघताना म्हातारीनं हिचे नखुले पुडीत बांधून दिले. ते डब्यात राहिले, ही गेल्या वर्षी गेली. आज नातीच्या लग्नाची खीर त्यांचीच केली. सुनेनं विचारलं, "बाबा, कशी झालीय?" मी म्हटलं, "साखर कमी आहे." तिनं साखर घातली. मी परत तेच म्हटलं, तिनं परत घातली. मग स्वतः चमचाभर चाखून म्हणाली, "बाबा, अहो पाक झालाय हा." मी वाटी संपवली.