संडासाच्या दारावरचा सूर्य

सेफेरिना पासष्टीची झाली तरी मडक्यांची माती स्वतः खणून आणायची. झिया या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या गावात मडक्यांवरचे तिच्या हातचे पक्षी लांबून ओळखू येत. सूर्य मात्र तिने विकायच्या मडक्यावर कधी काढला नाही. मधे वर्तुळ, चारी बाजूंना चार-चार किरण: चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, माणसाच्या चार अवस्था. तो पूजेचा होता, बाजाराचा नव्हे.

तोच सूर्य न्यू मेक्सिको राज्याच्या झेंड्यावर होता, पिवळ्यावर लाल. तिच्या जन्माआधी गावातून गेलेलं, सूर्य काढलेलं एक मडकं संग्रहालयात पोचलं. एका डॉक्टरने ते पाहिलं आणि त्यावरचा सूर्य उतरवून राज्याच्या झेंड्याच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळवला. गावाला कुणी विचारलं नाही. शाळेत सेफेरिना एकदा म्हणाली, "हा आमचा आहे," तर बाईंनी तिला तासभर उन्हात उभं केलं.

त्या सप्टेंबरात ती भाची लोरेटाबरोबर आल्बुकर्कीच्या जत्रेत मडकी मांडून बसली होती. दुपारी पाय मोकळे करायला मागच्या बाजूला गेली, तर भाड्याचे प्लास्टिकचे संडास ओळीने उभे. प्रत्येक दारावर लाल सूर्य.

तिचं डोकं सणकलं. दुकानात येऊन तिने मडक्यांना द्यायच्या पांढऱ्या मातीच्या पाण्याचा डबा उचलला.

"मावशी, कुठे निघालीस?" लोरेटाने विचारलं.

"घाण झाकायला."

संडासांच्या दारांवर तिने ते हातानेच फासायला सुरुवात केली. पाच दारं झाली तेवढ्यात पहारेकरी धावत आला, मागोमाग संडास भाड्याने देणारा ओरडत आला.

"ओ आजी, डोकं फिरलंय का? मालाची वाट लावली!"

"माल तुझा. सूर्य कुणाचा?"

"राज्याचा आहे. झेंड्यावरचा. कुणीही वापरतं."

"मग झेंडाच लाव ना दारावर! त्याच्यासमोर छातीवर हात ठेवतोस, आणि आमच्या देवाला संडासावर बसवतोस?"

पहारेकऱ्याने मान खाली घातली, पण तिला फाटकाबाहेर काढलंच. जत्रेच्या समितीने विक्रेत्यांच्या यादीतून तिचं नाव कायमचं खोडलं.

लोरेटा गाडीत रडत होती. "वर्षाची निम्मी विक्री इथेच होते, मावशी. जरा गिळायचं होतंस राग."

"माझ्या आईने गिळला, आजीने गिळला. माझ्या पोटात जागा नाही आता."

हिवाळ्यात गावातली वडीलधारी मंडळी राज्याच्या राजधानीत आमदारांपुढे हेच गाऱ्हाणं घेऊन गेली. त्यांनी सेफेरिनालाही नेलं. ती पाच मिनिटं बोलली. कोटवाल्या साहेबांनी माना हलवल्या, कॉफी दिली, "फार महत्त्वाचं बोललात" म्हणाले. सूर्याबद्दल ठराव मात्र काही झाला नाही.

"ऐकून तरी घेतलं," परतताना लोरेटा म्हणाली.

"काय ऐकलं? कॉफी पाजली, हात हातात घेतले आणि सूर्य ठेवून घेतला."

घरी पोचल्यावर तिने दार असं आपटलं की शेजारचा कुत्रा उठून भुंकायला लागला.