दाजींचं बोलणं फक्त कमळला कळायचं

अर्धांगवायूनं दाजींची जीभ जड झाली, तेव्हापासून त्यांचं बोलणं फक्त कमळला कळायचं. इतरांना नुसती घशातली घरघर ऐकू यायची. कमळ कान लावायची, मग पत्र्याच्या मांडवातल्या माणसांना सांगायची, "दाजी म्हणतात, चांगदेव, आधी भावाशी बोल." चांगदेवाचे डोळे भरून यायचे. कमळला ते फार आवडायचं.

वळ गावच्या जमिनींवर गोदामं उठली, भाऊ भावाला फसवू लागला, तेव्हा दाजींनी 'खरी वाट' नावाचा हा पंथ काढला. मूर्ती नाही, आरती नाही. दर रविवारी प्रत्येकानं उभं राहून आठवड्यात बोललेलं एक खोटं सांगायचं. ऐकणाऱ्यांनी हसायचं नाही, रागवायचं नाही. काल्हेर, शेलार अशा आसपासच्या गावांपर्यंत या बैठका पसरल्या. गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या कमळनं सोळा वर्षं एकही रविवार ड्युटी घेतली नव्हती.

आणि दाजींची मुलगी क्षितिजा? पुण्याला शिकायला होती. दिवाळीला आली तर मागच्या रांगेत मोबाईल बघत बसायची. दाजी गेले आणि महिन्याच्या आत तीच त्यांच्या पाटावर बसली.

"नाक बघ, अगदी दाजीच गं!" राहीबाई हरखून म्हणाली.

"नाकानं बैठक चालते काय?" कमळ पुटपुटली.

शेवटच्या दुपारी दाजी जे बोलले, ते तिला लख्ख कळलं होतं. "क्षितिजाला बसवा." बाहेर ताटकळलेल्या लोकांना तिनं सांगितलं, "न्हाय समजलं." तरीही पोरगी बसलीच. बाबांनी आपल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, असं ती म्हणाली आणि सगळ्यांनी मान डोलावली. कमळला कोणी विचारलंही नाही.

तो तिचा पाटावरचा पहिला रविवार. रीतीप्रमाणे पाटावरच्या माणसानं पहिलं बोलायचं. क्षितिजा उभी राहिली. ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

"बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, असं मी म्हणाले. नव्हतं सांगितलं. मलाच इथं बसायचं होतं."

मग राहीबाईच बोलली, "मंग कमळलाच बसवा ना. दाजींना जपलं कोनी?"

दोन-चार माना हलल्या. मग आणखी काही. कमळला फक्त गप्प बसायचं होतं. पण तिची नजर त्या पोरीवरून हलेना. सोळा वर्षं आपण काय सांगत आलो? शिळी भाजी ताजी म्हणून वाढली, डोकं दुखतंय म्हणून कोणाच्या लग्नाला जाणं चुकवलं. आणि हिनं पहिल्याच रविवारी एवढं मोठं खोटं सगळ्यांपुढे उघडं केलं. इथंही ती पुढे गेली.

कमळ ताडकन उठली.

"मला समजलं होतं," ती म्हणाली. "दाजी म्हनाले, क्षितिजाला बसवा. मीच न्हाय सांगितलं."

कोणी हसलं नाही, कोणी रागवलं नाही. क्षितिजा मात्र पाटावरून उतरून तिच्यासमोर आली. गाल ओले, पण चेहरा असा उजळलेला, की कमळला तो बघवेना.

"मावशी, आणखी काही म्हणाले का बाबा?"

सगळे कमळच्या तोंडाकडे बघत होते. ती जे सांगेल तेच दाजींचं बोलणं ठरणार होतं. खरंखोटं करायला दुसरं कोणी नव्हतं.

"न्हाय," कमळ म्हणाली. "माझं नाव न्हाय घेतलं त्यांनी."

आणि ती आपल्या जागी, राहीबाईशेजारी, खाली बसली.