शांतावहिनींनी भरलेलं पाणी

आठवतं ना, मुकुंदवाडीकरांनो? नळ आला की शांतावहिनी भिंतीपलीकडून मला ओरडायच्या, "उठा, कॉन्व्हेंटवाल्या मॅडम! झोपून हंडे भरत्यात व्हय?"

आज सकाळी त्या गेल्या.

रीतीप्रमाणे घरातलं पाणी ओतून द्यायला त्यांचे दीर उठले. सून रडत ड्रमला बिलगली, "नका ओतू, काका. आठ दिवसांनी नळ आला होता. काल आईंनीच भरलंय." दीर तिथंच खाली बसले.

सुतकातलं पाणी कोण घेणार, अशी कुजबुज झाली. मी पेलाभर घेतलं आणि सगळ्यांसमोर प्याले.

सुनेचा निरोप आहे: ड्रम समोरच्या बाळंतिणीला, दोन हंडे कोपऱ्यावरच्या आजोबांना. पोचवायला भांडी घेऊन या.

कळशी मी आणली आहे.