पाठ न केलेली औटकी

गाईसाठी भिजत घातलेल्या सरकीचा वास आला की मला अमरावतीची आमची शाळा आठवते. तेव्हा विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस पुरत नव्हता. शाळेच्या भिंतीला लागून कापसाचे गंज होते आणि पाढे म्हणताना तोंडात तंतू जायचे. एके दिवशी पुण्याहून आलेल्या पंतोजींनी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा विचारला. पहिल्या जागेवरच्या पोरानं तो एका दमात म्हटला. मी मात्र साताशी अडलो. मग सात त्रिक एकवीस आणि साताचे अर्धे साडेतीन, असं मनाशी जुळवून म्हणालो, "साडेचोवीस." पंतोजी कडाडले, "पाढा विचारला, हिशेब नाही! शेवटी जाऊन बस." आमच्या जागा पाढ्यांवरूनच ठरायच्या. मी उठलो, पण तिथंच उभा राहिलो. म्हटलं, "साडेचोवीसच काहून, ते त्याले पुसा ना." तो पोरगा गोंधळला आणि औटकी पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. छडी मात्र माझ्याच हातावर पडली. "उद्या पाठ करून ये, जागा परत देतो," पंतोजी म्हणाले. तळहात चोळत मी म्हणालो, "समजलं ते पाठ कायले करू?" आणि ताठ मानेनं शेवटच्या जागेवर जाऊन बसलो. शाळा सुटेपर्यंतची सगळी वर्षं ती जागा माझीच राहिली. आता केस पिकले, तरी औटकी मला पाठ नाही. नातू ती घोकताना साताशी अडला की मी उत्तर सांगत नाही, विचारतो, "साताचे अर्धे किती रे?"