जकातभाऊची शपथ

जकातभाऊ लग्नाला गेला की आधी नवरदेवाच्या मागे जाऊन उभा राहायचा. कोटाची कॉलर उलटी करायचा, आतली चिंधी वाचायचा आणि मगच आहेराचं पाकीट खिशातून काढायचा. कोट बाहेरच्या देशात शिवलेला निघाला तरी पाकीट द्यायचा, पण तोंड असं करायचा की जणू तेरवीला आलाय. एका लग्नात नवरीच्या मामाने त्याला धरलंच. "काय गा भाऊ, आमचा जावई काय स्मगलिंगचा माल वाटला तुमाले?"

"जावई इथलाच हाये, मामाजी," जकातभाऊ म्हणाला. "कोट तेवढा बिनजकातीचा आला."

मांडव हसला. तो हसला नाही. त्याला विनोद करायचाच नव्हता.

त्याचं खरं नाव देवराव. त्या नावाने त्याला फक्त पगारपत्रक ओळखत असे. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात तो मागावर होता आणि युनियनचा सेक्रेटरी होता. मी त्याच कारखान्यात घडीखात्यात होते. आमच्याकडे तीन खाती. माग कोरं कापड विणायचे, रंगखातं ते हौदात घालून रंगवायचं, आणि शेवटी आम्ही बायका ते खालून दिवा लावलेल्या काचेवर ताणून डाग आणि तुटके धागे पाहायचो, घड्या घालायचो. हे सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या तीन खात्यांतच घडलं. तो माझ्यापेक्षा लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे. तो मला बाई म्हणायचा.

पाळी सुटली की गेटवर त्याची सभा. कंपनीने भोंगा लावायला मनाई केलेली, त्यामुळे चहाच्या टपरीच्या बाकड्यावर चढून नरड्याच्या जोरावर बोलायचा. पगार, बोनस, कॅन्टीनमधली अळ्यांची डाळ, कुठूनही सुरुवात केली तरी पाच मिनिटांत गाडी जकातीवर. तो सांगायचा, पूर्वी शहराच्या वेशीवर नाका होता, ट्रक थांबायचा, जकात भरायचा, मग आत. देशाच्या वेशीवरही तसाच नाका असतो. दोन सरकारं करार करतात आणि तो नाका उठवतात. मग बाहेरचं कापड सरळ आत येतं, आणि ते आपल्या मागापेक्षा स्वस्त असतं. "स्वस्त काहून असते? तिथल्या मजुराले आपल्यापेक्षाबी कमी भेटते म्हनून!"

बस पकडायची घाई असलेली पोरं त्याची मजा घ्यायची. एकदा मागून कोणी ओरडलं, "जकातभाऊ, तुमची चड्डी कोन्या देशाची हाये?"

"थे मी रोज सकाळी पाहूनच घालतो बे. तू न पाह्यता घालते, म्हनून तर बोंब हाये."

पोरं हसत बसमध्ये चढली. करार मात्र कोणाच्या डोक्यात शिरला नाही. माझ्याही नाही. मी चौथी शिकलेली. दोन देशांतल्या साहेबांनी कुठेतरी कागदावर सह्या केल्या की माझ्या टेबलावरचं कापड कसं बंद होतं, हे मला कळत नव्हतं, आणि न कळणारी गोष्ट मी मान हलवून ऐकत नाही. मी त्याला तसं सांगितलं.

माझं माहेर भिवापूरकडचं, मिरचीच्या मुलखातलं. त्याने तेच पकडलं. "बाई, तुझ्या भावानं बाजारात मिरचीचं पोतं ठेवलं. बाजूले दुसऱ्यानं बाहेरच्या मिरचीचं ठेवलं. लाल दोन्ही. गिऱ्हाइकाले पहिले काय समजते, तिखट का भाव?"

"भाव."

"झालं. तोच करार."

"अन् थो बाहेरचा मिरचीवाला? त्यानं काय उपाशी मरावं?" मी विचारलं.

मला वाटलं आता अडकला. तो म्हणाला, "थोबी मरूनच राह्यला, बाई. त्यालेबी कोनी इचारलं नाही. दोन्हीकडचे शेठ जेवून उठले. ताटं घासाले थो अन् तू."

हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं.

दिल्लीला मोर्चा होता तेव्हा तो सगळ्या खात्यांतले लोक घेऊन गेला. परत आला तो सर्दी घेऊन. निवेदन कोणी घेतलं, असं मी विचारलं तर म्हणाला, "शिपायानं घेतलं. साहेब मिटिंगमध्ये होते."

"कशाची मिटिंग?"

"कराराचीच."

तो राहायचा नागपुरातल्या जुन्या विणकर वस्तीत. मी त्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा खुर्चीवर बसले तर खुर्ची एका बाजूला कलली. त्याची बायको सुमन म्हणाली, "तिथं नोका बसू, बाई. तिथं खड्डा होता." बाहेरच्या खोलीत त्याच्या बापाचा हातमाग होता. हातमागावर बसणाऱ्याला पाय सोडायला खड्डा लागतो. माग विकला, खड्डा बुजवला, वर फरशी घातली, पण माती बसत गेली आणि फरशी खचली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या बापाचा माग तर आपल्या मिलच्याच कापडानं खाल्ला ना गा? तेव्हा कोनता करार होता?"

सुमनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शिवी दिली. तो फरशीकडे पाहत म्हणाला, "बाप एकटा होता, बाई. प्रत्येक घरी एक माग, प्रत्येक घरी एकटा मानूस. एका घरचा माग बंद झाला का बाजूच्याले वाटे, आपलं गिऱ्हाईक वाढलं." मग म्हणाला, "म्हनून मले सगळे एका जागी पाह्यजेत. माग, रंग, घडी. एकबी बाहेर नाही."

माणूस खरा होता. चूकही इथेच होती, पण ती त्या दिवशी त्यालाही दिसली नाही आणि मलाही नाही.

मग करार झाला. पेपरात आलं, दोन्हीकडच्या साहेबांचे हसरे फोटो आले. आमच्याकडे लगेच काही झालं नाही. लोक म्हणाले, पाहा, जकातभाऊ उगाच भेव दाखवत होता. नंतर एक-एक रांग करून माग थांबायला लागले आणि गेटातून कोऱ्या कापडाच्या गाठी घेऊन ट्रक आत यायला लागले. कापड बाहेर विणलेलं. आमच्या मालकाने ते इथे फक्त रंगवायचं, घडी करायची आणि आपला शिक्का मारून विकायचं ठरवलं. मागांना काम नाही. रंगखात्याला आणि आम्हाला पूर्वीइतकंच काम.

जकातभाऊने मागवाल्यांना जमवलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. त्याने सगळ्यांना जमवलं. खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी माग धुऊन पुसून त्यांना झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, हा आमचा रिवाज. चालणाऱ्या आणि थांबलेल्या, दोन्ही मागांना त्या वर्षी माळा घातल्या. नारळ फोडून झाल्यावर तो म्हणाला, मागावर हात ठेवा आणि शपथ घ्या, बाहेरच्या कापडाला कोणीही हात लावणार नाही. रंगवणार नाही, घडी घालणार नाही. गाठी पडून सडल्या की मालक आपोआप माग चालू करेल.

रंगखात्यातले नत्थूजी सगळ्यांत जुने. कोपरापर्यंत हात कायमचे निळे झालेले. ते पुढे आले. "सेक्रेटरीसाहेब, माग तुमचा. आमची रोजी तं हौदावर हाये. हौदात कापड इथलं का तिथलं, पान्याले काय समजते?"

"आज माग बंद झाला तं उद्या हौदात काय बुडवसान, नत्थूजी?"

"उद्याचं उद्या पाहू ना गा."

"बापबी असाच म्हने," जकातभाऊ म्हणाला. "आजूबाजूचे सगळे असेच म्हनत."

मागच्या लोकांनी घोषणा दिली. मग नत्थूजींनी निळा हात मागावर ठेवला. त्यांच्यामागे सगळ्या रंगखात्याने ठेवला, आम्ही बायकांनीही ठेवला. कोणी ओढून नेलं नव्हतं. पण सगळं खातं हात पुढे करत असताना आपला मागे ठेवायला वेगळं काळीज लागतं.

शपथ आम्ही पाळली. हे मी छाती ठोकून सांगते. गाठी रंगखात्याच्या दारात पडून राहिल्या, त्यांवर मांजरी व्याल्या, पण कोणी सुतळी कापली नाही. मॅनेजर ओरडला नाही, धमकी दिली नाही, चर्चेलाही बोलावलं नाही. ते मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. आणि एक दिवस ट्रक आले त्यांत कापड रंगवलेलं होतं. घडी घातलेलं, पिशवीत भरलेलं. शिक्का तेवढा मारायचा बाकी. आमचा हातच लागू नये अशी सोय मालकाने तिकडेच करून घेतली होती, आणि त्याला ती स्वस्तही पडली.

रंगखातं आधी बंद झालं. मग आमचं. मागांची एक रांग मात्र कसल्याशा सरकारी कापडासाठी चालू राहिली. ज्यांच्यासाठी शपथ घेतली त्या मागवाल्यांतल्या काहींना संक्रांत मिळाली, होळीही मिळाली. ज्यांनी त्यांच्यासाठी घेतली ते संक्रांतीच्या आधीच गेटाबाहेर. जकातभाऊ त्या चालू रांगेत होता.

शपथ घेतली नसती तर रंगखातं वाचलं असतं का, असं लोक मला अजून विचारतात. कायमचं वाचलं नसतं. दोन-तीन वर्षं वाचलं असतं. दोन-तीन वर्षांत पोरीचं लग्न होतं, पोराचं आयटीआय पुरं होतं. ही काही कमी गोष्ट नाही.

जकातभाऊने गेटसभा घेणं सोडलं. त्याऐवजी तो सुटीच्या दिवशी रंगखात्यातल्या लोकांच्या घरी जायला लागला. एकेक दार. कोणी मौद्याकडे वीज केंद्रात ठेकेदाराकडे लागलेलं, कोणी इतवारीच्या बाजारात हमाली करत होतं, कोणी नुसतं घरी. काहींनी दार उघडलं नाही. एकाच्या बायकोने दारातूनच ऐकवलं, "आता कशाची शपथ घ्याले आले, भाऊजी?" नत्थूजींनी आत बसवलं. पाणी दिलं. चहा दिला नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही चहा विचारतात, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

"काय म्हनाले?" मी विचारलं.

"म्हनाले, तुमचं बोलनं बरोबर होतं, भाऊ. सगळं तसंच झालं. आता थे बरोबर घेऊन मी काय करू? चुलीत घालू?"





"बस कर आता. किती घरं फिरशीन?"

"सगळी," तो म्हणाला, आणि सगळी फिरला.

शेवटची रांगही थांबली. माग विकले गेले. ते बाहेरच्याच एका देशातल्या कारखान्याने घेतले. सुटे करून पेट्यांत भरायला जुने मागवाले रोजावर बोलावले तर बहुतेकांनी थुंकून नकार दिला. जकातभाऊ गेला. मी चिडले. "लाज नाही वाटत काय गा? ज्यांनी आपल्याले मारलं त्यांच्यासाठी पेट्या भरून राह्यला?"

तो हाताचं ग्रीस पोत्याला पुसत होता. "समुद्रावरून जानार हाये, बाई. नीट ग्रीस नाही लावलं तं गंजून जाते. तिकडं मागावर कोन बसन? कोनी शेठ तं नाही बसनार."

 

खोकला त्याला आधीपासून होता, कापसाची तूस वर्षानुवर्षं छातीत गेलेली. शेवटच्या महिन्यांत तो पलंगावर बसूनच झोपायचा. मी जायचे तेव्हा पेपरातलं वाचून दाखवायला लावायचा. नवा करार, आणखी कोणत्या देशाशी. मी अक्षरं लावत हळू वाचते, तो मध्येच चिडायचा आणि पेपर ओढून घ्यायचा. युनियनची नवी पोरं यायची, मोर्चा कसा काढायचा विचारायची. त्यांना तो एकच सांगायचा. "पहिले रंगखात्याले इचारा." त्यांच्या कारखान्यात रंगखातं नव्हतंच. पोरं एकमेकांकडे पाहायची.

सुमनला त्याने बजावून ठेवलं होतं. "रंगखात्यातले आल्याबिगर मले नेऊ नोको."

तो मे महिन्यात गेला. अंगणात मंडप टाकला, बर्फाच्या लाद्या आणल्या. मागवाले आले, घडीखात्यातल्या बायका आल्या, दुसऱ्या कारखान्यांचे लोक झेंडा घेऊन आले. रंगखात्यातल्या प्रत्येक घरी निरोप पोचला होता, एकूण एक घरी, मी स्वतः विचारून खात्री केली होती. दुपार झाली. बर्फाचं पाणी अंगणातून नालीपर्यंत गेलं. त्याचा चुलतभाऊ कुरकुरायला लागला, "उन्हाचं किती ठेवता?" सुमन कोणाचं ऐकेना. डोक्यावरचा पदर सारखा करत ती पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाही.

शेवटी मी उठले आणि चौकापर्यंत गेले. ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. एक ऑटो आला. माझ्याजवळ हळू झाला. सवारी मिळते का म्हणून. मी हातानेच नको म्हटलं. तो गेला. आणखी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

"येऊन राह्यले काय, बाई?" सुमनने विचारलं.

अशा वेळी लोक खोटं बोलतात. मला ते जमत नाही.

"नाही," मी म्हटलं. "उचला."