आठाचे तीन होतात

हेमाकाकूंना कोणी 'बिचाऱ्या' म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमची दारं समोरासमोर. मानपाडा रोडवरच्या या इमारतीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना बघतेय, आणि त्या बाईत बिचारं असं काही मला अजून सापडलेलं नाही. काका गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायका गळे काढायला लागल्या, तर यांनीच त्यांना रुमाल दिले आणि म्हणाल्या, "आता पुरे. चहा गार होतोय."

नोकरी त्यांनी पाणीखात्यात केली, तक्रारींच्या खिडकीवर. लोक येऊन सांगायचे, आमच्याकडे पाणी येत नाही. खात्याचा माणूस बघायला जायचा तर नळ धो धो वाहत असायचा. तो परत येऊन सांगायचा, तक्रार खोटी. "तक्रार खोटी नाही," काकू त्याला म्हणायच्या, "तू गेलास ती वेळ चुकीची. वेळ बदलून जा." आणि वेळ बदलून गेलं की नळ कोरडा सापडायचा. ही हकिकत त्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांनाही ती पाठ झालीय.

गेल्या वर्षी काकूंकडून गॅस चालू राहिला. दूध तापत ठेवून त्या खाली भाजीवाल्याकडे गेल्या, तिथे कोणी भेटलं, गप्पा रंगल्या, आणि वर येऊन बघतात तो पातेलं काळं ठिक्कर. करपल्याचा वास मला आलेला, पण वास कुणाच्या घरातून येतोय ते कळलं नव्हतं. पातेलं घासून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. काकूंनी तसं केलं नाही. त्यांनी मुलाला, मुकुलला फोन लावला आणि सांगितलं, "आज माझ्याकडून गॅस राहिला. चूक माझी."

मुकुल बाळकुमला राहतो, टॉवरमध्ये. बायको मैथिली, दोघंही नोकरीत. मुलगा वाईट नाही, पण त्याचा आवाज फार मऊ आहे. मऊ आवाजाच्या माणसांशी भांडताच येत नाही, म्हणून मला ती परवडत नाहीत. त्याच आठवड्यात तो आला, शेगडी-सिलिंडर घेऊन गेला आणि ओट्यावर मायक्रोवेव्ह ठेवून गेला. "आई, हा आपोआप बंद होतो. तुला काही लक्षात ठेवायला नको."

काकूंना लागलं असणार. चूक झाली होती, शिक्षा मुकाट्याने घेतली. मग हट्टाला पेटल्यासारख्या त्या ओव्हनच्या मागे लागल्या. भात, वरण, फ्लॉवरचा रस्सा, रव्याचे लाडू, सगळं त्यात करायला शिकल्या. चहासुद्धा. तो चहा मी पिते, पण चांगला झालाय असं आजवर म्हटलेलं नाही.

दिवाळीनंतर त्या ओव्हनने रंग दाखवायला सुरुवात केली. किती मिनिटं उरली ते दाखवणारा जो डिस्प्ले असतो, त्याचे आकडे मध्येच मोडायचे. इंग्रजी आठाच्या डाव्या बाजूच्या काड्या विझायच्या आणि उरायचा तीन. काकू तीन मिनिटांच्या हिशेबाने पानं घ्यायच्या, तर ओव्हन आपला फिरतोच आहे. थोड्या वेळाने डिस्प्ले पुरता काळा पडायचा. आणि सकाळी उठून बघावं तर सगळे आकडे जागच्या जागी, अगदी साळसूद.

काकूंनी मुकुलला फोन केला. "अरे, याच्या आठाचे तीन होतात."

सत्तरी उलटलेली आई, एकटी राहणारी, मागच्याच वर्षी गॅस विसरलेली, आणि फोनवर म्हणते आठाचे तीन होतात. "आणि तेही खूप वेळ चालवला की मगच," काकूंनी सांगून पाहिलं, पण ते मुकुलच्या कानात शिरलं की नाही कोण जाणे.

शनिवारी तो येऊन गेला. कपभर पाणी ओव्हनमध्ये ठेवलं, मिनिटभर फिरवलं, आकडे धड. मग त्याने सर्व्हिसचा माणूस पाठवला, सूरज नावाचा. त्यानेही कपभर पाणीच ठेवलं.

"आजी, एकदम ओके आहे. डिस्प्ले पण ओके. चष्म्याचा नंबर चेक केलेला का तुम्ही?"

"चष्मा मागच्या महिन्यात बदललाय. तू पाणी गरम केलंस. मी यात पाणी गरम करत नाही, स्वयंपाक करते. थांब तासभर, दाखवते."

"तासभर कसा थांबू आजी? माजिवड्याला दुसरा कॉल आहे. मला जे दिसतं तेच मी सांगणार ना?" त्याचंही बरोबरच होतं. 'फॉल्ट नाही' असं मुकुलला कळवून तो गेला.

त्यानंतर मुकुलने मला फोन केला. मऊ आवाजात विचारतो, "रुचिताताई, आईचं काही वेगळं जाणवतं का हो? विसरणं वगैरे?"

"तुमच्या आईला माझ्या शिकवणीच्या पोरांच्या परीक्षांच्या तारखा पाठ आहेत," मी म्हटलं. "मला नाहीत."

तो हसला नाही. माजिवड्याला विसरभोळेपणाचे एक डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेतलीय म्हणाला. मग आई काही दिवस आमच्याकडे राहील. इकडचं घर नुसतं बंद ठेवण्यापेक्षा भाड्याने दिलेलं बरं. मला हे 'काही दिवस' चांगले माहीत आहेत. म्हातारी माणसं काही दिवसांसाठी जातात आणि मग त्यांच्या दारावर दुसऱ्याच नावाची पाटी लागते. दुधाने तोंड पोळलेला मुलगा ताकही फुंकून पितोय, हे मला समजत होतं. पण ताक फुंकण्यापायी आईचं घर जात होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

मी तडक काकूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या उठल्या, पदर खोचला.

"चल. वेळ बदलून बघू."

आधी भात लावला, आकडे धड. मग वरण, तेही धड. तिसऱ्या खेपेला बटाटे ठेवले आणि ते अर्धे शिजेपर्यंत माझ्या डोळ्यांदेखत आकड्यांच्या डाव्या काड्या विझल्या. आठाचा तीन झाला. काकूंनी डिस्प्लेला हाताची पालथी बाजू लावली, पोराचा ताप बघतात तशी.

"तापलाय."

त्यांनी फ्रीझरमधून मटाराचं पाकीट काढलं आणि त्या काचेवर दाबून धरलं. थोड्या वेळाने पाकीट बाजूला केलं तर विझलेल्या काड्या परत पेटलेल्या. ओव्हन पुन्हा तापू दिला, काड्या पुन्हा गेल्या. पुन्हा मटार, पुन्हा आल्या. आत कुठेतरी सांधा ढिला असणार, ऊब लागली की सुटतो आणि गार झालं की जुळतो. खोटं कशाला सांगू, मी काकूंच्या बाजूची होते, पण मनाच्या कोपऱ्यात धाकधूक होती. ती त्या मटारांनी घालवली.

मी फोन बाहेर काढला. "काकू, पुन्हा तापू द्या त्याला. व्हिडिओ काढते आणि आत्ताच्या आत्ता मुकुलला पाठवते."

"फोन खाली ठेव."

"अहो पण..."

"गॅस राहिला तेव्हा कोणी व्हिडिओ काढला होता का?" काकूंचा आवाज चढला नव्हता, पण मी फोन खाली ठेवला. "कोणीच बघितलं नव्हतं. मी सांगितलं आणि त्याने मानलं. एक प्रश्न विचारला नाही, लगेच शेगडी उचलली. मी माझ्याविरुद्ध बोलले तेव्हा माझा शब्द चालला. आता माझ्या बाजूने बोलते तर पुरावा हवा?"

"पण काकू, घर जाईल हो."

"पुराव्यावर टिकलेलं घर मला नको. आज आठ सिद्ध करीन. उद्या आमटीत मीठ जास्त पडलं की पुन्हा सिद्ध करा, मी शहाणी आहे म्हणून. किती व्हिडिओ काढशील तू?"

मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याकडे चहाला गेले नाही. घर जायची वेळ आलीय आणि या बाई मानपानाचं घेऊन बसल्यात. ओव्हन दुरुस्त तरी करून घ्या, म्हणून मी दारातूनच ओरडले. त्या म्हणाल्या, "दुरुस्ती नंतर. आधी तक्रार खरी ठरली पाहिजे."

रविवारी त्यांनी मुकुल-मैथिलीला जेवायला बोलावलं, आणि मलाही. मी गेले तेव्हा मटाराचं ते पाकीट रिकामं होऊन कचऱ्यात पडलं होतं. मटारभात ओव्हनमध्ये फिरत होता. म्हणजे काचेवर मटार लावून दाखवायचा बेत नव्हता. आणि डिस्प्लेवर ओट्याचं चौकड्यांचं फडकं टाकलेलं, चिमटे लावून पक्कं केलेलं.

मुकुलने आल्या आल्या विचारलं, "आई, हे फडकं कशाला?"

"सांगते. बस." तो बसला नाही, काकूही उभ्याच राहिल्या. "खाली आकडे धड आहेत की मोडलेत, आत्ता मलाही दिसत नाही आणि तुलाही नाही. मी कधीपासून तुला सांगतेय की हे मशीन आकडे मोडतं. माझं खरं मानतोस की नाही, एवढं सांग. मग फडकं काढते."

"अगं, फडकं काढ ना. बघू आणि संपवू." त्याने हात पुढे केला. काकूंनी त्याचं मनगट धरलं.

"बघून तर सूरजनेही मानलं असतं. तू माझा सर्व्हिसवाला आहेस का?"

मैथिली दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आई, मी मानते."

"तू मानशील हे मला माहीत होतं, बाळ. मी याला विचारतेय."

ओव्हन घुरघुरत होता. मी उगाचच चमचे पुसायला घेतले. मुकुल म्हणाला, "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी माजिवड्याला येईन, बाळकुमलाही येईन. भांडणार नाही. पण तिथे आल्यावर मला काही विचारायचं नाही. दुखतंय का, भूक लागली का, झोप झाली का, काही नाही. जिचं खरं मानायचं नाही तिला विचारायचं कशाला?"

मी मुकुलकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता. त्या क्षणी मला तो पहिल्यांदा आवडला. त्याने आईच्या पकडीतून हात सोडवून घेतला नाही, तसाच राहू दिला.

"गॅसचं तूच सांगितलं होतंस," तो सावकाश म्हणाला. "आम्हाला तर कळलंही नसतं. मानतो, आई. हा आकडे मोडतो."

काकूंनी मनगट सोडलं, चिमटे काढले आणि फडकं ओढलं.

आकडे धड होते. सगळे, सगळ्या काड्यांसकट, हिरवेगार चमकत होते. सकाळपासून स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, जानेवारीचा वारा थेट ओट्यावर येत होता, आणि ओव्हन तापायचा तेवढा तापलाच नव्हता. मी तोंड उघडणार होते, मटाराचं, काचेचं, मी बघितलेलं सगळं सांगणार होते. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. त्या ताठ उभ्या राहून मुलाकडे बघत राहिल्या.

मुकुलने आकड्यांकडे बघितलं. मग आईकडे. मग तो खाली वाकला आणि त्याने हाताची पालथी बाजू त्या काचेला लावली.

"गार आहे," तो म्हणाला. "खूप वेळ चालवला की मगच, म्हणाली होतीस ना. अजून तापला नसेल." आणि सरळ होता होता म्हणाला, "माजिवड्याचं मी उद्या रद्द करतो."

काकूंनी फडकं झटकलं, घडी घातली आणि खिडकी लावून घेतली.

"मग पापड भाजू त्यात," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा, मी पानं घेते."